धोटा काढला की माग बंद पडतो. मग रक्त थोडं थोडं गोठायला कसं शिकलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग.) विचारणारे गृहस्थ सोलापुरात यंत्रमागाचे जॉबर आहेत, मुलगी बारावी सायन्सला. भाच्याने त्यांना मोबाइलवर एक व्याख्यान दाखवलं. त्यात म्हटलं होतं की रक्त गोठण्याच्या साखळीतली एक कडी काढली तरी सगळं कोसळतं, म्हणून ती टप्प्याटप्प्याने तयार होणं अशक्य आहे. ते लिहितात, "मला हे पटलं. मागाचा धोटा काढा, माग बंद. फणी काढा, माग बंद. अर्ध्या मागावर अर्धी चादर निघत नाही. मग अर्धवट रक्त गोठणारा प्राणी जगला कसा? पहिल्याच जखमेला मेला असता की."

प्रश्न मागापाशी उभं राहून विचारलाय, तर उत्तरही तिथूनच सुरू करते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तीस वर्षांहून जास्त काळ रक्ताच्या नळ्या हलवण्यात गेला. माग मला बाहेरूनच माहीत. आजोळ साखर पेठेत होतं. खटखटीत गाढ झोप लागायची आणि माग थांबला की जाग यायची, एवढीच माझी मागाशी ओळख.

तुम्ही आज ज्या मागाची दुरुस्ती करता त्यातून धोटा काढला तर माग बंद पडतो, यात वाद नाही. पण जुन्या खड्डामागावर विणकर धोटा एका हाताने टाकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा. कापडाचा पन्हा त्याच्या हाताच्या पल्ल्याएवढा. १७३३ साली इंग्लंडात जॉन के याने धावता धोटा काढला: दोरीला झटका दिला की धोटा या पेटीतून त्या पेटीत. त्या दिवशी ही पेटी आणि दोरी नुसती सोय होती. काढून टाकली असती तर माग बंद पडला नसता, विणकर परत हाताने धोटा टाकायला लागला असता, काम सावकाश झालं असतं इतकंच. १७८५ मध्ये कार्टराइटने यंत्रमागाचं पेटंट घेतलं. यंत्रशक्तीवर धावणाऱ्या मागात हात घालून धोटा टाकणार कोण? जी सोय होती ती गरज झाली, आणि हाताने धोटा टाकायची जुनी रीत त्या मागावरून कायमची गेली. आपल्याकडे १८७७ ला जुनी मिल उभी राहिली तोवर हे सगळं होऊन गेलेलं होतं. आपण माग पाहिला तो असाच, एकही भाग काढता न येणारा. आणि आता टॉवेलवाल्यांकडे रेपियर माग आलेत, त्यात धोटाच नाही!

तुम्ही लगेच म्हणाल, मॅडम, पण माग तर माणसांनीच बनवला ना. बरोबर. तो कुणी बनवला याच्याशी मला इथे कर्तव्य नाही. मला एकच गोष्ट दाखवायची आहे: एखादा भाग आज काढता येत नाही, यावरून तो पहिल्या दिवशीही काढता येत नव्हता असं निघत नाही. व्याख्यानातली सगळी मेख या एका उडीत आहे. भाग आला तेव्हा उपयोगी होता, नंतर बाकीचं त्याच्यावर विसंबून बदललं, आणि मग तो अत्यावश्यक झाला. ही कल्पना कुणी आज वादात अडकल्यावर बनवलेली नाही. हर्मन म्युलर या आनुवंशिकीच्या शास्त्रज्ञाने (पुढे १९४६ चं नोबेल मिळालं) ती १९१८ मध्येच मांडली होती. त्याच्या मते उत्क्रांतीतून असे एकमेकांत गुंतलेले भाग तयार होणं हे अपेक्षितच आहे.

व्याख्यानातला युक्तिवाद मूळचा अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांचा, १९९६ सालच्या पुस्तकातला. त्यांनी उंदराच्या सापळ्याचं उदाहरण दिलं: फळी, स्प्रिंग, दांडा, काहीही काढा, उंदीर सुटला. मग जिवाणूंची फिरती शेपटी, रक्त गोठणं, रोगप्रतिकारशक्ती अशी उदाहरणं घेतली. बीहींबद्दल एक गोष्ट त्यांचे इकडचे चाहते सांगत नाहीत. पृथ्वी अब्जावधी वर्षांची आहे आणि माणूस व माकडं एकाच पूर्वजाची वंशज आहेत, हे त्यांना मान्य आहे. त्यांचं भांडण आहे ते बदल कशामुळे घडले यावर.

आता माझ्या टेबलावर या.

रक्त काढल्यावर आम्ही ते निळ्या टोपणाच्या नळीत घेतो. तिच्यात सोडियम सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त पातळ राहतं. मग वरचा पिवळसर प्लाझ्मा घ्यायचा, ३७ अंशांच्या पाण्यात नळी धरायची, चिनीमातीची बारीक पूड आणि चरबीसारखा एक पदार्थ मिसळायचा, शेवटी कॅल्शियम घालून घड्याळ सुरू. नळी तिरकी करत राहायचं. पाण्यासारखं इकडून तिकडे वाहणारं अचानक जाडसर होतं, जेलीसारखं थबकतं. साधारण २५ ते ३५ सेकंद. या तपासणीला एपीटीटी म्हणतात. आता हे काम यंत्र करतं, पण नवीन मुलींना मी पहिला महिना हातानेच करायला लावते. तो थबकण्याचा क्षण डोळ्यांनी बघितल्याशिवाय यंत्राने दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं मत आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनआधीचा एका मध्यमवयीन माणसाचा नमुना आला. ३५ सेकंद झाले, ६० झाले, १०० झाले. नळी तिरकी करतेय, पाणीच. १८० ला मी घड्याळ बंद केलं. दुसरा नमुना मागवला, तोही तसाच. सर्जनने ऑपरेशन पुढे ढकललं आणि पेशंटच्या घरी रडारड. निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मा मिसळून पाहिला तर वेळ लगेच ताळ्यावर आली. म्हणजे त्याच्या रक्तात काहीतरी कमी होतं, विरोधी काही नव्हतं. पण गंमत बघा, मी त्याला विचारलं, दाढ काढली होती का? हो, दोन. रक्त? "नेहमीसारखं, कापूस दाबला." लहानपणी उसाच्या कोयत्याने पाय कापला होता, टाके पडले होते, तेव्हाही काही नाही. नमुना पुण्याला पाठवला. गोठवणारे घटक क्रमांकाने ओळखतात. आठवा ठीक, नववा ठीक, अकरावा ठीक, बारावा एक टक्क्याच्याही खाली. ऑपरेशन झालं. रक्त नेहमीइतकंच गेलं.

पाठ्यपुस्तकातल्या चित्रात बारावा घटक साखळीच्या अगदी टोकाला असतो: बारावा अकराव्याला जागं करतो, अकरावा नवव्याला, नववा आठव्याच्या मदतीने दहाव्याला. चित्र बघून कुणीही म्हणेल, पहिली कडीच नाही तर पुढचं सगळं ठप्प. माझ्या नळीत ठप्प झालंही. पेशंटच्या अंगात मात्र झालं नाही. कारण बाराव्याला काच आणि चिनीमाती चेतवते. खऱ्या जखमेत सुरुवात होते ती फाटलेल्या ऊतीतून बाहेर येणाऱ्या एका वेगळ्या प्रथिनाने आणि सातव्या घटकाने. या बाराव्या घटकाला हेगमन घटक म्हणतात. १९५५ मध्ये अमेरिकेत ऑस्कर रॅटनॉफ या डॉक्टरांनी तो ज्याच्यात नाही असा पहिला पेशंट नोंदवला, रेल्वेतला जॉन हेगमन नावाचा कर्मचारी. त्याला रक्तस्रावाचा त्रास कधीच नव्हता. १९६८ मध्ये तो वारला तो हाड मोडल्यावर फुप्फुसात रक्ताची गाठ अडकून. ज्याचं रक्त काचेत गोठत नव्हतं तो रक्त गोठूनच गेला.

बाराव्याशिवाय राहणारे तो एकटाच नाही. देवमासे आणि डॉल्फिन यांच्यात हे जनुक मोडून पडलेलं आहे. कोंबडीत, एकूणच पक्ष्यांत, ते नाही. फुगणाऱ्या पफर माशात तर बाराव्याबरोबर अकरावाही नाही. सगळे जखमा भरून निघून मजेत जगतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण आमच्या बाजूचे लोकही देवमाशाचं उदाहरण देऊन मोकळे होतात. बीहींनी पुस्तकात आपला दावा साखळीच्या दोन फाट्या (एक बाराव्यापासून निघणारी, दुसरी सातव्यापासून) जिथे एकत्र येतात त्याच्या पुढच्या भागापुरता धरला होता: दहावा, पाचवा, प्रोथ्रॉम्बिन (जागं झालं की त्याचंच थ्रॉम्बिन होतं) आणि फायब्रिनोजेन. म्हणजे बारावा नसला तरी त्यांचा दावा लगेच पडत नाही. तुमच्या भाच्याच्या व्याख्यानातलं "एकही कडी काढता येत नाही" हे वाक्य मात्र सरळ पडतं.

मग पुढच्या भागाचं काय? त्यासाठी तुमच्या "अर्धवट" या शब्दाकडे यावं लागेल.

आमच्याकडे हिमोफिलियाची, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार असलेली, मुलं येतात. आठवा घटक कमी असलेला हिमोफिलिया साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला असतो. आठवा घटक एक टक्क्याखाली असेल तर मूल रांगायला लागल्यापासूनच गुडघे सुजायला लागतात, न पडता, न लागता. एक ते पाच टक्के असेल तर सहसा काही लागल्यावरच त्रास. आणि दहा-पंधरा टक्के असेल तर कधीकधी माणूस चाळिशीला पोचतो, लग्न होतं, मुलं होतात, आणि दाढ काढताना रक्त थांबेना म्हणून पहिल्यांदा कळतं की आपल्याला हा आजार आहे. म्हणजे शंभरातले दहाच भाग हातात असूनही माणूस निम्मं आयुष्य काढतो. फायब्रिनोजेन, ज्याच्यापासून प्रत्यक्ष गाठीचे धागे बनतात, ते जन्मतःच नसलेली माणसंही जगलेली आहेत. त्रास खूप होतो, पण जगतात. सगळं किंवा काहीच नाही, असा हिशेब मी तरी रक्तात पाहिला नाही. एक टक्का शून्यापेक्षा बरा, पाच टक्के एकापेक्षा बरे. निसर्गनिवडीला तेवढा फरक पुरतो.

शिवाय आपला रक्तदाब आजच्या माशांपेक्षा बराच जास्त आहे. नळाला दाब कमी असेल तर गळती थांबवायला चिंधी पुरते, दाब वाढला की वॉशर लागतो. आद्य प्राण्यांत पेशी एकमेकींना चिकटून भोक बुजवत. ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या नालखेकड्यात आजही रक्तपेशी फुटून गाठ बनते, आणि त्यातली प्रथिनं आपल्यापेक्षा वेगळीच आहेत.

आता पुढच्या भागातले सुटे भाग आले कुठून? इथे मला माझ्या कामाचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो. थ्रॉम्बिन, सातवा, नववा, दहावा ही सगळी कात्र्यांसारखी प्रथिनं आहेत, दुसऱ्या प्रथिनांना ठरावीक जागी कापणारी. रचना पाहिली तर ती आपल्या पोटात अन्न पचवणाऱ्या ट्रिप्सिनची भावंडं आहेत. सातवा, नववा आणि दहावा हे तर इतके सारखे की एकाच साच्यातून काढल्यासारखे, आणि सातव्या व दहाव्याची जनुकं माणसाच्या तेराव्या गुणसूत्रावर अगदी शेजारी-शेजारी बसलेली आहेत. पाचवा आणि आठवा ही दुसरी जोडी, आणि या जोडीचं नातं रक्तात तांबं वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाशी लागतं. जनुकाची चुकून दुसरी प्रत निघते. एक प्रत जुनं काम करत राहते, दुसरी मोकळी होते, बदलत जाते, नवं काम उचलते. तुमच्या भाषेत सांगायचं तर भंगारातून नवा माग उभा राहिलेला नाही, चालत्या मागाशेजारी त्याच्याच जादा सुट्या भागांतून दुसरी कांडी भरली गेली. लॅम्प्री नावाच्या जबडा नसलेल्या माशात आठव्या-पाचव्याची आणि नवव्या-दहाव्याची अशी वेगळी फाटलेली साखळी दिसत नाही, आखूड साखळीवरच त्याचं भागतं. हे २००८ मध्ये त्याच्या जनुकसंचातून पुढे आलं. जबड्याचे मासे आपल्या शाखेतून वेगळे व्हायच्या आधीची ही शाखा. प्रती नंतर निघाल्या असतील तर हेच दिसायला हवं होतं.

यावर एक सापाची गोष्ट, तुम्हाला पटकन पटेल अशी. माळशिरस-पंढरपूरकडून उसाच्या फडात पाय टाकलेली माणसं रात्री-अपरात्री येतात. साप कुणी पाहिलेला नसतो. अशा वेळी कुठलंही यंत्र लागत नाही: कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त, वीस मिनिटं न हलवता उभं ठेवायचं, मग एकदाच तिरपं करायचं. वाहिलं तर घोणस किंवा फुरसं समजून उपचार सुरू. घोणशीचं विष थेट आपल्या दहाव्या घटकाला जागं करतं, फुरशाचं प्रोथ्रॉम्बिनला. सगळे घटक अंगातल्या अंगात खर्ची पडतात आणि मग बाहेर गोठायला काही उरत नाही. आणि ऑस्ट्रेलियातल्या एका विषारी सापाच्या विषात जे सापडलं ते दुसरं-तिसरं काही नसून त्याच्या स्वतःच्या रक्तातल्या दहाव्या घटकाचीच प्रत आहे. यकृतात चालू असणाऱ्या एका जनुकाची दुसरी प्रत निघाली, ती विषग्रंथीत चालू झाली, रक्त गोठवणारा भाग हत्यार झाला. एक प्रत अजून घरचं काम करते, दुसरी शिकारीला जाते.

हे सगळं मागे वळून लावलेलं आहे, डोळ्यांदेखत काही घडलेलं दाखवा, असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की. १९८८ मध्ये त्यांनी एकाच ई. कोलाय जिवाणूपासून बारा बाटल्या सुरू केल्या आणि रोज त्यातला थोडा भाग नव्या अन्नात घालत राहिले. त्या अन्नात सायट्रेट होतं, तेच आमच्या निळ्या टोपणातलं. ई. कोलायला हवेत वाढताना ते खाता येत नाही. साधारण ३१,५०० पिढ्यांनंतर एका बाटलीतले जिवाणू ते खायला लागले. पुढे उलगडा झाला तो असा: सायट्रेट आत ओढणारं जनुक त्यांच्याकडे आधीपासून होतं, पण हवेत ते बंद असायचं. त्याची दुसरी प्रत निघून ती हवेत चालू राहणाऱ्या खटक्याशेजारी जाऊन बसली. शिवाय त्याआधी झालेले काही बदल नसते तर हा डाव जमला नसता. जुनी गोठवून ठेवलेली पिढी बाहेर काढून पुन्हा वाढवली तेव्हा हे सिद्ध झालं. टीकाकार म्हणाले, यात नवं काय, जुनाच भाग हलवला. अहो, तेच तर मी इतका वेळ सांगतेय.

डोळ्याबद्दल भाचा विचारेल, सगळेच विचारतात. त्यावर आज लिहीत नाही; नुसता उजेड-अंधार ओळखणारा ठिपका, खळगा, खळग्याचं तोंड बारीक, मग भिंग, असे सगळे टप्पे आज जिवंत प्राण्यांत मोजता येतात एवढं पुरे. शेपटीवाल्या जिवाणूंचंही तसंच: शेपटीच्या मुळाशी असलेल्या यंत्राचे बरेच भाग प्लेगच्या जिवाणूत पेशीला टोचणाऱ्या सुईत सापडतात, तिथे शेपटी नाही, पण यंत्र बेकार नाही.

हा वाद कोर्टातही गेला होता. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात डोव्हर गावच्या शाळा मंडळाने हा विचार, म्हणजे सजीवांच्या रचनेमागे कुणीतरी बुद्धिमान रचनाकार असला पाहिजे हा, विज्ञानाच्या तासाला आणायचा प्रयत्न केला. बीही साक्षीला आले. रोगप्रतिकारशक्तीच्या उत्क्रांतीवरचे निबंध आणि पुस्तकं त्यांच्यासमोर ढिगाने ठेवली गेली. ते पुरेसे नाहीत असं ते म्हणाले. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला: हे विज्ञान नाही. मला विचाराल तर शास्त्राचा प्रश्न न्यायाधीशांनी मिटवावा हे फारसं बरं नाही. माझ्यासाठी वाद नळीत मिटला होता, कोर्टाच्या आधीच.

देवाचं काय, हेही तुम्ही शेवटी हळूच विचारलंय. मी दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला जाते, सिद्धेश्वराला नारळ फोडते, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये येऊन एपीटीटी लावते. मला अडचण आली नाही. पण ज्याचं कारण आज सापडलं नाही तिथे देव बसवायचा, तर कारण सापडलं की त्याला उठवावं लागतं. भक्ताने देवाला अशा जागी कशाला बसवावं?

मुलीने दहावीला राज्य मंडळाच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा वाचलेला असणार. एनसीईआरटीने दहावीतून उत्क्रांतीचा भाग काढला तेव्हा, २०२३ मध्ये, देशभरातल्या अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या होत्या. तिला परीक्षेत काय लिहावं हे तिच्या पुस्तकात आहेच. पण तिला आणि भाच्याला घेऊन एखाद्या रविवारी सकाळी या. दोन नळ्या शेजारी-शेजारी लावू, एकीतला घटक काढून टाकलेला प्लाझ्मा माझ्याकडे असतोच, आणि घड्याळ तिच्या हातात देऊ. उपाशीपोटी यायची गरज नाही.